लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओ काढताना लाइटचा फ्लिकर कसा टाळायचा

मंगल कार्यालयात एकाच वेळी किती प्रकारचे लाइट चालू असतात ते एकदा वर मान करून बघा. छताला ट्यूब नाहीतर एलईडी पट्ट्या, स्टेजवर डेकोरेटरचे रंगीत पार लाइट (डब्यासारखे स्पॉट लाइट), मागे माळा आणि हल्ली बाजूला एलईडी वॉलपण. डोळ्याला सगळं स्थिर दिसतं, पण व्हिडिओत मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकत जातात किंवा उजेड लुकलुकतो, यालाच फ्लिकर म्हणतात. ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत आणि अक्षता काही परत पडत नाहीत, म्हणून जे करायचं ते हॉलमध्येच.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे त्यावर थेट चालणारा लाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन असेल तर तार गरमच राहते, त्यामुळे फारसं जाणवत नाही, पण जुन्या चोकची ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी यांचा उजेड खरोखर खाली पडतो. व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका चित्राला, या चढउताराचे पूर्ण फेरे मिळाले तर फ्लिकर नाही, अर्धवट मिळाले की आहेच.

म्हणून सगळ्यात आधी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन सिस्टिम पाल (५० हर्ट्झच्या विजेसाठीची व्हिडिओ पद्धत) करा, एनटीएससी (६० हर्ट्झची) असेल तर बदला, मोबाइलमध्ये अँटीफ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून पाल फॉरमॅट चालू केले की २५ फ्रेमचा पर्याय दिसायला लागतो. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करा आणि शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ घ्यायचा ते, हाताने १/५० सेकंदावर ठेवा. पन्नास फ्रेम घेताय तर १/५० किंवा १/१००. कुणी ३० फ्रेमच मागत असेल तर तेही चालतं, फक्त शटर १/६० नको, १/५० किंवा १/१०० च ठेवा. बरेच जण इथेच फसतात कारण कॅमेरा ३० फ्रेमला १/६० सुचवतो आणि आपण तसंच सोडून देतो.

एकदा शटर ठरलं की त्याला हात लावायचा नाही. उजेड जास्त झाला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमी करा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लहान करा, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा, पण शटर वेगवान करू नका. मोबाइल ऑटोवर असला की फोकस लाइट पडल्यावर तो स्वतःच शटर वेगवान करतो आणि मधेच पट्टे सुरू होतात, त्यामुळे प्रो व्हिडिओ मोड किंवा मॅन्युअल शटर देणारं अ‍ॅप वापरा.

आता खरं काम, म्हणजे वाईट लाइट शोधणं. हॉलवर लवकर पोचा, शटर मुद्दाम १/१००० करा आणि एकेका लाइटचा उजेड भिंतीवर किंवा पांढऱ्या कापडावर पडतो तिथे कॅमेरा धरा. ज्याच्या उजेडात ठळक पट्टे दिसतात तो गुन्हेगार. मग शटर परत १/५० करून पुन्हा बघा. ट्यूबचे पट्टे गेलेले असतील, पण एखाद्या पार लाइटचे राहतात कारण तो डिमरवर असतो आणि एलईडी डिम करताना तो प्रत्यक्षात वेगाने चालू-बंद होत असतो, त्याचा वेग विजेच्या ५० हर्ट्झशी जुळत नाही. अशा वेळी लाइटवाल्या दादांना सांगा की हा लाइट फुल्ल करा आणि जास्त वाटत असेल तर मागे सरकवा किंवा भिंतीकडे वळवा, डिमरने कमी करू नका. बऱ्याच स्वस्त पार लाइटमध्ये मिक्स केलेल्या रंगालाच पट्टे येतात, नुसता लाल किंवा नुसता निळा फुल्लवर ठेवला तर स्वच्छ दिसतो. तरीही जमलं नाही तर चेहऱ्यावरचा तेवढा लाइट बंद करायला सांगा, मागच्या माळा थोड्या लुकलुकल्या तरी चालतात, चेहरा महत्त्वाचा.

एलईडी वॉलचं गणित वेगळं. तिचे पट्टे तिच्या स्वतःच्या रिफ्रेशमुळे, म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा उमटवण्याच्या वेगामुळे येतात, त्यामुळे १/५० नेहमी पुरत नाही. कॅमेऱ्यात शटर अगदी बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय असेल, क्लिअर स्कॅन वगैरे नावाने असते, तर पट्टे थांबेपर्यंत हळूहळू फिरवा, पण त्या नादात ट्यूबचा फ्लिकर परत आला नाही ना हेही बघत राहा. नसेल तर वॉल फ्रेमच्या बाहेर ठेवणं किंवा मागे धूसर करणं एवढंच हातात उरतं.

स्लो मोशनचा मोह सगळ्यांना होतो. १२० फ्रेमवर एका फ्रेमला १/१०० सेकंद मिळूच शकत नाही, त्यामुळे ट्यूबखाली उजेड दर ६ फ्रेमला वरखाली होत राहतो. कॅमेऱ्यात १०० फ्रेम असतील तर १/१०० शटरने घ्या, नाहीतर स्लो मोशन हळदीला बाहेर उन्हात उरकून घ्या.

लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला तर परत एक टेस्ट क्लिप काढा. लोड पडला की इंजिनचा वेग उतरतो आणि ५० हर्ट्झचे ४८ झाले तरी पट्टे हळूहळू सरकायला लागतात. अशा वेळी कॅमेऱ्यात शटर बारीक पायऱ्यांनी बदलता येत असेल तर १/५० वरून १/४८ कडे आणा, पट्टे फिके होतात.

अमेरिकेत शूट करणार असाल तर तिथे वीज ६० हर्ट्झची, सगळं उलट, ३० फ्रेम आणि १/६०. टेस्ट क्लिप मात्र कुठेही असा, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर न बघता लॅपटॉपवर टाकून बघा, बारीक पट्टे तिथेच दिसतात.