बायसनचे नवे पर्याय वापरताना या चुका टाळा

बायसन म्हणजे व्याकरणाच्या नियमांवरून मजकूर वाचणारा प्रोग्राम (पार्सर) तयार करून देणारं साधन. जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत कंपायलरच्या प्रॅक्टिकलची व्याकरणाची फाइल सीनियरकडून ज्युनियरकडे पेनड्राइव्हवर येते. तिचा जन्म कधीचा, कोणालाच ठाऊक नसतं. अशा फाइलीत नवे पर्याय कोंबले की गाडी अडते.

म्हणून भाऊ, आधी ‘बायसन --व्हर्जन’ चालवून पाहा. उबंटू २०.०४ सोबत ३.५.१ येतं, २२.०४ सोबत ३.८.२. मॅकवर तर मुळातलं २.३ असतं, होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने) नवं टाकलं तरी ते आपोआप पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) येत नाही, त्यामुळे जुनंच चालत राहतं. फाइलीच्या सुरुवातीला ‘%रिक्वायर "३.७"’ लिहा. म्हणजे जुनं बायसन भलतीच चूक दाखवण्याऐवजी सरळ नकार देईल.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा रावेरच्या केळी-खरेदीचा हिशेब करणारं छोटं व्याकरण लिहिलंय आणि एक ओळ आली: २००० वजा घट १०० वजा हमाली ५०. नियम साधा, ‘राशी: राशी वजा राशी’. बायसन एका शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टची सूचना देतं, म्हणजे पुढचं टोकन (मजकुराचा सुटा तुकडा) घ्यायचं (शिफ्ट) की आधी वाचलेलं नियमात बसवायचं (रिड्यूस), हा पेच. पुष्कळ जण ‘%एक्स्पेक्ट १’ (एक कॉन्फ्लिक्ट अपेक्षितच आहे) लिहून तिचं तोंड बंद करतात. पण अशा वेळी बायसन शिफ्ट निवडतं, म्हणजे आधी शंभरातून पन्नास जातात. उत्तर १८५० ऐवजी १९५०. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक, आणि कंपायलर गप्प!

३.७ पासून यावर चांगला उपाय आहे: ‘-डब्ल्यूकाउंटरएक्झाम्पल्स’. नेमकी कोणती ओळ दोन प्रकारे वाचता येते ते तो दोन्ही वाचनांच्या झाडांसकट (नियम कसे लागले त्याच्या आकृत्यांसकट) दाखवतो. जिथे बायसन अडखळतं तिथे ठिपका असतो. वरच्या उदाहरणात तो दुसऱ्या ‘वजा’च्या अलीकडे दिसेल. ‘%लेफ्ट’मध्ये (डावीकडून आधी जोडायच्या टोकनांच्या यादीत) वजाचं टोकन घातलं की प्रश्न मिटतो. ‘%एक्स्पेक्ट’ वाईट नाही, पण ते उदाहरण वाचून समजल्यावर वापरायचं.

कधीकधी मात्र एकाऐवजी दोन वेगळी उदाहरणं येतात, ठिपक्यापर्यंत सारखी आणि पुढे निराळी. तेवढ्यावरून व्याकरण संदिग्ध ठरवून नियम मोडायला बसू नका. आधी ‘%डिफाइन एलआर.टाइप आयईएलआर’ करून पाहा. एलएएलआरने (पार्सरचा तक्ता बनवायच्या बायसनच्या नेहमीच्या पद्धतीने; आयईएलआर ही दुसरी पद्धत) पार्सरच्या अवस्था एकत्र केल्यामुळे उपजलेला कॉन्फ्लिक्ट असेल तर तो जातो.

जुने ‘%एरर-व्हर्बोज’, ‘%प्युअर-पार्सर’ असे शब्द हाताने शोधत बसायची गरज नाही. ३.३ पासूनचा ‘--अपडेट’ ते बदलतो आणि मूळ फाइलीची प्रत नावाच्या शेवटी टिल्ड (~) लावून ठेवतो. पण तो ‘एरर-व्हर्बोज’चं ‘पार्स.एरर व्हर्बोज’ एवढंच करतो, आणि मराठी टोकनांना तेच नडतं. टोकनचं टोपणनाव "केळी" ठेवलं तर व्हर्बोजमध्ये चूक सांगणाऱ्या संदेशात ते नाव \३४०\२४४\२२५ असल्या आकड्यांत दिसतं. ३.६ पासून ‘डिटेल्ड’ आहे, तो लावा. ‘केळी’ हे ‘केळी’च दिसेल. ‘अपेक्षित’ टोकनांची यादी अर्धवट किंवा चुकीची वाटली तर ‘%डिफाइन पार्स.लॅक फुल’ जोडा. यादीच आली नाही तर घाबरू नका, चारपेक्षा जास्त पर्याय असले की बायसन ती देतच नाही.

शेवटची अडचण खरं तर फ्लेक्सची (मजकुराची टोकनं पाडून बायसनला देणाऱ्या साधनाची), पण शिव्या बायसनला बसतात. फ्लेक्स अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. त्यामुळे चौकटी कंसातला ‘क-ह’ चालत नाही. "केळी" असा पूर्ण शब्द अवतरणात दिला तर चालतो. देवनागरी अंकांचंही तेच. प्रत्येक अंक अवतरणात देऊन वेगळा नियम लिहा आणि किंमत स्वतः काढा, कारण ‘एटॉय’ला (मजकुरातल्या अंकांची संख्या करणाऱ्या सी भाषेच्या फंक्शनला) देवनागरीत १२० दिलं तर तो शून्य परत करतो.