प्लेटलेट्स आणि मेंदूतला दाह: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस, रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरच हल्ला करतात तो आजार. "दादा, प्लेटलेट्स बासष्ट हजारच आल्यात. तूच म्हणाला होतास ना, प्लेटलेट्सचा आणि मेंदूच्या सुजेचा संबंध असतो? मग आता अटॅक येणार का?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो, त्यामुळे आमच्या घरात लग्नपत्रिकेआधी रिपोर्ट माझ्याकडे येतात. तिच्या त्या एका वाक्यात तीन चुका होत्या, आणि त्यातली एक माझ्यामुळे झालेली.

छापलेला आकडा शेवटचा मानू नका

अंगावर निळा डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही, महिन्यापूर्वी काउंट अडीच लाखांच्या आसपास. मग अचानक ६२,००० कसा? सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीसाठी, रक्त घेतात त्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं रसायन. काही लोकांच्या प्लेटलेट्स या ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. मशीनला पुंजका ही एक प्लेटलेट वाटत नाही, ते त्याला मोजतच नाही किंवा पांढरी पेशी समजतं.

सकाळी स्लाइड काढायला लावली. कडेला, जिथे रक्ताचा थर विरळ होत जातो, तिथे भिजलेल्या साबुदाण्यासारखे गोळे दिसत होते. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, तिच्यात रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन असतं, सायट्रेट: २,१०,०००. या ट्यूबमध्ये एक दशांश भाग सायट्रेटचा असतो, म्हणून आकड्याला १.१ ने गुणायचं. झाले २,३१,०००. प्रकरण मिटलं.

पण "ट्यूबचाच दोष असेल" म्हणून प्रत्येक कमी आकडा झटकून टाकू नका. एमएसच्या औषधांपैकी इंटरफेरॉन-बीटाने काउंट खरोखर उतरू शकतो, आणि अलेमटुझुमॅब घेतलेल्या काहींमध्ये तर शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करायला लागतं. स्लाइड बघितल्याशिवाय दोन्हीतलं काहीच ठरवता येत नाही.

"सूज" शब्दाने फसू नका

हा आपल्या भाषेचा घोळ आहे. पाय सुजला तरी सूज, मेंदूत पाणी साठलं तरी सूज, आणि रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवर तुटून पडल्या तरी सूजच. शेवटच्या प्रकाराला दाह म्हणावं. एमएसमध्ये पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून मेंदूत शिरतात आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खातात. बहिणीला मी "सूज" म्हणालो होतो. चूक माझी.

यात प्लेटलेट्सचं काय काम? प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचा तुटलेला तुकडा. केंद्रक नाही, आकार दोन-तीन मायक्रोमीटर, आयुष्य सात ते दहा दिवस. पण आतल्या पिशव्या इतर पेशींना इशारे देणाऱ्या रेणूंनी ठासून भरलेल्या: पीएफ-४ आणि सीडी४०एल ही प्रथिनं, शिवाय सेरोटोनिन. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन यांच्याकडेच असतं, आणि तेही स्वतः बनवलेलं नाही, आतड्यात तयार झालेलं उचललेलं. रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा झाली की प्लेटलेट्स चिडतात, पिशव्या रिकाम्या करतात, पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन हे चिकटणारं प्रथिन आणतात आणि वाहत्या पांढऱ्या पेशींना धरून भिंतीशी उभं करतात. दार उघडून देणारा घरभेदी म्हणा हवं तर. एमएसने मरण पावलेल्यांच्या मेंदूतल्या व्रणांत प्लेटलेट्सच्या खुणा सापडल्या आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एमएससारखा आजार केलेल्या उंदरांच्या प्लेटलेट्स दाहाच्या टप्प्यात काढून टाकल्या, तर आजार सौम्य झाला.

म्हणजे बहिणीची भीती उलट्या दिशेची होती. काउंट कमी झाला म्हणून दाह वाढतो असं नाही. मुळात काउंटवरून दाह कळतच नाही. अडीच लाख शांत प्लेटलेट्स आणि अडीच लाख चिडलेल्या प्लेटलेट्स, सीबीसीच्या कागदावर दोन्ही अडीच लाखच. चिडल्यात का ते बघायला फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी लेझरपुढून नेऊन तपासणाऱ्या मशीनवर, पी-सिलेक्टिन मोजावं लागतं, आणि ती संशोधनातली तपासणी आहे, गल्लीतल्या लॅबची नव्हे.

मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका

एवढं समजलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग रक्त पातळ करायची गोळी घेऊ का?" प्लेटलेट्स एकमेकींना चिडवायला थ्रॉम्बोक्सेन सोडतात; ॲस्पिरिन प्लेटलेटचा तो रस्ता तिच्या उरलेल्या आयुष्यापुरता बंद करतं, पण थ्रॉम्बिनसारख्या (रक्त गोठवणारं एंझाइम) जोरदार इशाऱ्यावर ती तरीही चिडतेच. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर 'ॲस्प्री' चाचणी झाली, रोज १०० मिलिग्रॅम. २०१८ मध्ये निकाल आले: स्मृतिभ्रंश टळला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगळी, ती आपल्या मनाने बंदही करू नका. आणि डेंगीच्या दिवसांत तापावर ॲस्पिरिन अजिबात नको.

शिवाय प्लेटलेट्स कायम खलनायकच असतात असंही नाही. २०२३ मध्ये म्हाताऱ्या उंदरांना तोच पीएफ-४ दिल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचं दिसलं.

प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, ट्यूबचं भांडण मेंदूच्या नावावर खपवू नका

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी बीडीएनएफ मोजत होतो, मेंदूतल्या चेतापेशींना पोसणारं प्रथिन. सीरममध्ये. काही ट्यूबा अर्धा तास ठेवल्या, काही चहाच्या नादात दीड तास. रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक इतका सुंदर आला की मी पेढे वाटायचा बाकी होतो. मग वहीतल्या वेळा बघितल्या. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरतं ते, आणि गोठताना प्लेटलेट्स सगळा साठा ओतून मोकळ्या होतात. बीडीएनएफचा, सेरोटोनिनचा, पीएफ-४चाही. मी माझी चहाची सुट्टी मोजली होती.

तेव्हा सायट्रेट प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातला द्रव, वापरा, पहिली ट्यूब बाजूला टाका, सुई फार बारीक घेऊ नका, ट्यूब जोरात हलवू नका, हळूच उलटीसुलटी करा. बर्फावर तर मुळीच ठेवू नका, थंडीनेही प्लेटलेट्स चिडतात. ब्लडबँकेतही त्यांची पिशवी सहसा २० ते २४ अंशांवर ठेवतात, फ्रीजमध्ये नाही; थंड झालेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या शरीरात फार टिकत नाहीत. (डेंगीत प्लेटलेटची पिशवी आइसबॉक्समधून आणणारे नातेवाईक दरवर्षी भेटतात.) सेंट्रिफ्यूज दोनदा करा, नाहीतर प्लाझ्मात उरलेल्या प्लेटलेट्स डीप फ्रीझरमध्ये फुटतात आणि आकडा पुन्हा फुगतो.

बहिणीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने लिहून ठेवलंय: "ईडीटीएमध्ये प्लेटलेट्सचे पुंजके होतात. सायट्रेटमध्ये मोजा, स्लाइड बघा." तिचं दाताचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.