फ्यूज परत परत उडतोय? जुन्या गाडीतला शॉर्ट असा शोधा, बल्ब लावून

पार्किंग लाईट लावला की फ्यूज उडतो, नवीन टाकला तर तोही जातो, असं होऊन राहिलं असेल तर भाऊ, 10 अँपिअरच्या जागी 30 चा फ्यूज टाकू नका अन तार गुंडाळून काम चालवणं तर अजिबातच नको. फ्यूज वाचेल पण आतली वायर जळेल. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, अशा उन्हात वीस वर्षं काढलेल्या गाडीच्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, आतलं तांबं बॉडीला टेकलं की झाला शॉर्ट.

इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा अन उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत त्या खोचा. मग टेललाईट, नंबर प्लेट, समोरचे पार्किंग सगळे बल्ब काढा आणि पार्किंगचं बटन चालू करा. बल्ब भक्कन पूर्ण पेटला म्हणजे शॉर्ट आहेच, अगदी मंद पेटला तर तो मीटरच्या लाईटांचा करंट, त्याकडे लक्ष देऊ नका. या बल्बातून दोन अँपिअरच्या आतच करंट जातो म्हणून वायर जळत नाही, निवांत शोधता येतं. फक्त बल्ब लय तापतो, सीटवर ठेवू नका.

आता एकेक कनेक्टर सुटा करत जा. ज्याला काढल्यावर बल्ब विझला, शॉर्ट त्याच्या पुढच्या वायरीत. तो परत लावा आणि वायर हातानं हलवत चला, जिथं ती वाकते किंवा पत्र्याच्या भोकातून जाते तिथं आधी. माझ्या 2003 च्या गाडीत डिकीच्या बिजागरीपाशी वायरींवरची रबरी नळी दाबली अन बल्ब लुकलुकला! नळी सरकवली तर नंबर प्लेटच्या वायरचं तांबं उघडं, अन ती घासायची तिथं पत्रा चकचकीत झालेला.

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. खराब तुकडा कापा, श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी, आधीच वायरमध्ये ओवून ठेवा (हे हमखास विसरतं), नवीन तुकडा सोल्डर करा, स्लीव्ह गरम करून बसवा. नुसता काळा टेप नको, उन्हानं त्याचा गोंद वितळतो अन तो सुटतो. मग सगळे बल्ब परत बसवा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलाय तेवढ्याचाच फ्यूज टाका आणि पार्किंग चालू ठेवून डिकी दहा-बारा वेळा उघडबंद करून बघा.