टाळीच्या प्रतिध्वनीवरून आवाजाचा वेग कसा मोजावा

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, हे आपण शाळेत पाठ केलं. पण तो स्वतः मोजता येतो. दोन लाकडी फळ्या, लांब टेप आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरतं. पोरांना सोबत घ्याच.

जागा निवडणं हे निम्मं काम. समोर उंच, सपाट भिंत आणि तिच्यापुढं मोकळं मैदान हवं. एखाद्या शाळेची दोन-तीन मजली इमारत उत्तम. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानासारखं गोल मैदान नको, कारण तिथं आवाज सगळ्या बाजूंनी परततो. पहाटे जा, रिक्षा आणि केएमटी बसची वर्दळ सुरू व्हायच्या आधी.

१. भिंतीपासून ५० मीटर मोजून उभे राहा. १७ मीटरपेक्षा जवळ गेलात, तर प्रतिध्वनी ०.१ सेकंदाच्या आत परततो आणि कानाला तो मूळ आवाजापासून वेगळा काढता येत नाही.

२. फळ्या एकमेकींवर आपटा. घरात हलगी असेल तर फारच छान. तिचा कडक ठोका भिंतीवरून स्वच्छ परततो.

३. आता लय धरा. प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडला पाहिजे: ठोका, प्रतिध्वनी, ठोका, प्रतिध्वनी, सगळं समान अंतरानं. ही लय पहिल्या फटक्यात सापडत नाही, दहा मिनिटं सरावाला द्या. कान मात्र यात फार तरबेज असतो. लय किंचित चुकली तरी लगेच खटकतं.

४. लय बसली की दुसऱ्यानं घड्याळ लावायचं. मोजणी 'शून्य'पासून करा. 'एक'पासून केली तर २० ठोक्यांत १९च अंतरं भरतात आणि उत्तर चुकतं. 'वीस'ला घड्याळ थांबवा.

एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या वेळात आवाज भिंतीपर्यंत दोनदा जाऊन येऊ शकतो, म्हणजे २०० मीटर. अशी २० अंतरं म्हणजे ४००० मीटर. घड्याळात ११.६ सेकंद आले, तर वेग झाला सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. एकाच ठोक्याची वेळ मोजू नका. बटण दाबायला आपल्याला लागणारा वेळच त्याहून फार कमी नसतो. वीस अंतरांत ती चूक विरते.

हाच प्रयोग जानेवारीच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी करून बघा. हवा एक अंश तापली की वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. १५ अंशांना ३४०, तर ३५ अंशांना ३५२ मीटर. वीस अंतरांमागं फरक जेमतेम ०.४ सेकंदाचा पडेल, म्हणून दोन्ही वेळा पाच-पाच मोजण्या घेऊन सरासरी काढा.