स्मॅश मारून मारून खांदा धरलाय? हे करून बघा

पावसाळ्यात आमचं व्हॉलीबॉलचं मातीचं कोर्ट म्हणजे नुसता चिखल, चार महिने बॉलला हात नाही, आणि ऑक्टोबरात नेट लागलं रे लागलं की पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाला शंभर स्मॅश मारायचे असतात. दिवाळीपर्यंत अर्धी टीम खांद्यावर स्प्रे मारत बसलेली. मी पण त्यातलाच.

जिममध्ये आपण बेंच प्रेस मारून छाती करतो, म्हणजे हात पुढे फेकणारे मसल्स, पण बॉलला फटका बसल्यावर तो सुसाट सुटलेला हात आवरतात ते रोटेटर कफचे (खांद्याचा सांधा धरून ठेवणारा मसल्सचा गट) मागचे छोटे मसल्स, त्यांना कोण विचारतंय!

आधी चेक करा. पाठीवर झोपा, हात खांद्याच्या लेव्हलला बाजूला, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. आता पंजा पायाच्या दिशेने खाली न्या, खांदा मित्राला पुढून दाबून धरायला सांगा नाहीतर तोच उचलला जातो आणि आपल्याला वाटतं वा, काय लवचिक आहोत. मग तसाच डोक्याच्या दिशेने न्या. मारायचा हात खाली कमी आणि मागे जास्त जातो, ते चालतं. पण दोन्हीची बेरीजच दुसऱ्या हातापेक्षा कमी भरली तर मागची बाजू आखडलीय समजा. त्यासाठी हात छातीवरून आडवा घेऊन दुसऱ्या हाताने ओढून धरा, ३० सेकंद, तीनदा, खेळून झाल्यावर.

आता मेन काम. रेझिस्टन्स बँड गॅलरीच्या ग्रिलला कोपराच्या उंचीवर बांधा (सायकलची जुनी ट्यूब पण चालते, फक्त आई विचारते आता कपडे कुठे वाळत घालू), ग्रिल दुसऱ्या हाताच्या बाजूला ठेवून उभे राहा, कोपर आणि बरगडीच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी. हात बाहेर ओढा, आणि परत येताना तीन आकडे मोजत हळूऽऽ या, खरी मेहनत त्या परतीतच आहे. नॅपकिन पडला म्हणजे चीटिंग. १५ चे ३ सेट, एक दिवस आड. जोडीला पुशअप, वर आल्यावर कोपर सरळ ठेवून जमिनीला अजून थोडं ढकलायचं, शोल्डर ब्लेड (खांद्यामागचं चपटं हाड) जागेवर धरणारा मसल त्याने तयार होतो.

आणि स्मॅश मोजा. मी पहिल्या आठवड्यात तीस-चाळीसवर थांबतो, जंप सर्व्हिस पण त्यातच धरतो, मग लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा) कितीही शिव्या घालू दे.

रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर जाताना ताकदच लागत नसेल, तर बँड-बिंड सोडा आणि ऑर्थो नाहीतर फिजिओ गाठा. अजून एक, शर्ट काढून कोणाला तरी मागून बघायला सांगा. मारायच्या बाजूच्या शोल्डर ब्लेडवर खड्डा पडल्यासारखा दिसला तर नस दाबली जाऊन मसल सुकलेला असू शकतो, व्हॉलीबॉलवाल्यांमध्ये हे दिसतं, आणि बऱ्याचदा दुखत अजिबात नाही, त्यामुळे स्वतःला पत्ताच लागत नाही.