तक्ता भिंतीवर, मूल दाराशी: विशेष मुलांना गाणं शिकवताना या चुका टाळा

“सर, तक्ता लावलाय हो, तरी मुलगा ऐकत नाही.” असा फोन आला की मी आधी विचारतो, तक्ता (तासात कशानंतर काय, हे क्रमानं दाखवणारी चित्रकार्डांची पट्टी) कुणाच्या नजरेच्या उंचीवर आहे? बहुतेक वेळा तो उभ्या शिक्षकाच्या नजरेत असतो आणि मूल सतरंजीवर बसलेलं असतं. तीन फूट खाली आणा, मग बोलू.

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत मी गाणं आणि पेटी शिकवतो. माझ्याकडे स्वमग्न मुलं येतात, बौद्धिक अक्षमता असलेली येतात, दोन अंध आहेत, एक मुलगी व्हीलचेअरवर येते. हल्ली बरेच तरुण शिक्षक अशा मुलांना शिकवायला पुढे येतात, ते चांगलंच आहे. पण चुका अगदी ठरलेल्या.

पहिली चूक डोक्यातली. “संगीत कुठं वेळापत्रकात बसतं का?” असं म्हणणाऱ्यांना मी विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण देतो. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. त्याच माणसानं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा दिल्या. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये तेच काम पुण्यात सुरू केलं. त्यानं गाणं आटलं नाही. आणि आता काय होणार आहे, हे कळल्याशिवाय ज्या मुलाला श्वासही नीट घेता येत नाही, त्याचा सा कसा लागणार?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती मला महागात पडली आणि मुलाला त्याहून जास्त.

बारा वर्षांचा मुलगा, स्वमग्न, बोलणं अगदी मोजकं, भूप राग मात्र स्वच्छ म्हणायचा. आमच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी मी त्याची पट्टी केली होती: हॉल, बसणं, ताईचं गाणं, माझं गाणं, टाळ्या, पेढा. घरी आईनं आठवडाभर ती रोज दाखवली. कार्यक्रमात ताईचं गाणं झालं, त्यानं ते कार्ड काढून खिशात टाकलं आणि उठायच्या तयारीत बसला. तेवढ्यात समोर एक ज्येष्ठ पाहुणे दिसले आणि मला अवदसा आठवली. माइक घेतला, शाल-श्रीफळ मागवलं. पाहुणे दोन शब्द बोलतो म्हणाले. पुण्यातले दोन शब्द! पंचवीस मिनिटं झाली तरी सत्कार संपेना. मुलगा शांतपणे उठला, रंगमंचावर गेला, पेटीपाशी बसला, काळी चारचा सूर धरला आणि भाषणाच्या ऐन मध्यात आरोह सुरू केला.

त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेनुसार वागणारा तो एकटाच होता. पण एका कार्यकर्त्यानं त्याचा दंड धरून त्याला खेचलं. पुढं किंकाळ्या, जमिनीवर डोकं आपटणं. आईनं त्याला मिठीत धरूनच रिक्षात घातलं. तीन आठवडे तो माझ्या दारात आला नाही. घरच्या पट्टीवर आई माझ्या फोटोचं कार्ड लावायची आणि तो ते उलटं करून ठेवायचा.

तेव्हापासून माझ्याकडे एक केशरी कार्ड असतं, त्यावर फक्त “बदल”. ते संकटाच्या दिवशी पहिल्यांदा काढायचं नाही, सराव आधी गोड बदलांवर करायचा: आज अलंकारांच्या स्वरसरावाऐवजी डग्ग्यावर थाप. जुनं कार्ड मुलानं स्वतःच्या हातानं काढायचं, नवं त्यानंच लावायचं. तुम्ही परस्पर बदललंत तर पट्टीवरचा विश्वास गेला म्हणून समजा. आणि हो, शालीचं चित्र असलेलं “सत्कार” कार्ड माझ्या डब्यात कायम असतं. ज्या शहरात राहतो त्याची तयारी नको का? गणपतीच्या आधी ढोल-ताशांचे सराव सुरू झाले की संध्याकाळचे वर्ग मी सकाळी घेतो, पण तो बदलही आठवडाभर आधी पट्टीवर येतो.

दुसरी चूक मिनिटांची. “अजून पाच मिनिटं हं” असं म्हणता, ज्याला घड्याळ कळत नाही त्याला? त्याच्या लेखी पाच मिनिटं म्हणजे कधीच न संपणारं काहीतरी. वाळूची घड्याळं, मोबाइलचे टायमर सगळं करून पाहिलं. टायमरची घंटी पेटीच्या सुरात नसते आणि कान तीक्ष्ण असलेल्या मुलाला ती टोचते. अहो, आपल्याकडे घड्याळ आहेच की! मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन बरोबर १२ सेकंदांचं होतं, म्हणजे पाच आवर्तनांचं एक मिनिट. मी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून, लावतो आणि दहा मणी ओवलेली तार समोर ठेवतो. समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, एक मणी सरकवायचा. दहा मणी सरले की अलंकार संपले.

आणि संपताना तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. आता थांबणार, थांबणार, थांबलो, हे तीनदा सांगून समेवर सोडणारी इतकी छान सोय हाताशी असताना लोक पेटीचा भाता धाडकन बंद करतात. एक कोणतीही सोपी तिहाई ठरवा, प्रत्येक तासाला तीच, रोज तीच. तुम्हाला कंटाळा येईल. येऊ दे. माझ्याकडच्या एका मुलीचं तास संपतानाचं रडणं तिहाई लावल्यावर थांबलं, पण त्याला चार महिने लागले. चौथ्या दिवशी “चालत नाही” म्हणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

“नीट म्हटलं नाहीस तर तबल्याचं कार्ड काढून घेईन.” पट्टी म्हणजे दिलेला शब्द आहे, छडी नव्हे.

पहिल्याच दिवशी बारा कार्डं लावू नका. “आधी सा, मग तबला”, दोन पुरतात.

मूल शांत झालं म्हणून पट्टी काढून टाकू नका. तुमच्या घरातलं कालनिर्णय काढलंत का कधी, आता वार पाठ झाले म्हणून?

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि काही शिक्षकांकडे सगळ्यांना मिळून एकच रंगीत छापील तक्ता. माझ्या अंध विद्यार्थ्यांचा क्रम दोरीवर असतो: जुन्या चपलेचा पट्टा, पेटीची तुटलेली पट्टी, तबल्याची वादी, शेवटी घुंगरू. बोटांनी पुढं पुढं जायचं. व्हीलचेअरवरच्या मुलीच्या क्रमात “नीट बसणं” हे पहिलं कार्ड आहे, कारण खुर्ची, पाठ आणि पेटीची उंची जुळवण्यात दहा मिनिटं जातात. ती वर्गाचीच दहा मिनिटं आहेत. पालकांनी उशीर केला असं त्याला म्हणू नका.

दोन मुलांच्या तासांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. एकाची कार्डं उतरवायची असतात, दुसऱ्याची लावायची असतात आणि तुम्हालाही चहा लागतो. लागोपाठ पाच तास लावून चार पैसे जास्त मिळतात खरे, पण पाचव्या मुलाला तुमचा उरलेला चोथा मिळतो.

“प्रारंभिक परीक्षेला कधी बसवायचं?” हा प्रश्न पालक पहिल्या महिन्यात विचारतात. मी म्हणतो, आधी चपला काढून आत येण्याचं कार्ड पक्कं होऊ दे.

कार्डांसाठी ॲप घेऊ नका. मोबाइल हातात आला की व्हिडिओ लागतो आणि वर्ग संपतो. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डपेपर आणा, कोपरे गोल कापून लॅमिनेट करा, नाहीतर टोकं हाताला लागतात. वेल्क्रोची खरखरीत बाजू पट्टीवर आणि मऊ बाजू कार्डाच्या मागे लावा. मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं, तेव्हा थंडीत निम्मी कार्डं मुलांच्या स्वेटरला चिकटून घरी जायची.