काचबिंदूसाठी गांजाचे तेल घेण्याचा सल्ला मिळाला, तर काय करावे

घरात कोणाला काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यातील दाबामुळे डोळ्याची नस हळूहळू वाळण्याचा आजार, असल्याचे कळले की, सुट्टीला आलेला एखादा चाकरमानी हमखास सांगतो, परदेशात यावर गांजा देतात, थेंब कशाला घालत बसता? हा सल्ला निव्वळ अफवा नाही, आणि म्हणूनच तो नीट तपासावा लागतो. गांजा ओढल्यावर डोळ्यातील दाब उतरतो, अशी नोंद १९७१ मध्ये अमेरिकेत हेप्लर आणि फ्रँक या संशोधकांनी केली, आणि रॉबर्ट रँडल या रुग्णाला १९७६ पासून तेथील सरकारकडूनच गांजा मिळू लागला.

मात्र दाबाचा हा उतार ३ ते ४ तासच टिकतो. आपल्या खाडीतली ओहोटीसुद्धा त्याहून जास्त वेळ चालते. डोळ्याच्या नसेला दिवसरात्र दाब कमी हवा असतो, त्यामुळे रात्री झोपेतून उठून घ्यायच्या मात्रा धरल्या, तर दिवसाला ६ ते ८ मात्रा घ्याव्या लागतील. एवढ्या मात्रेने गुंगी येते, तोल जातो, शिवाय रक्तदाब उतरल्यामुळे नसेचा रक्तपुरवठाच घटण्याची शक्यता असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला रात्री परसात जाताना भोवळ आली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

तरीही कोणी बाटली आणून दिलीच, तर प्रथम तिच्यावरील घटक वाचावेत. दाब उतरवतो तो टीएचसी, म्हणजे गांजातला गुंगी आणणारा घटक. बाजारातील पुष्कळ तेलांत मुख्यतः सीबीडी हा गांजातला गुंगी न आणणारा घटक असतो, आणि २००६ च्या एका लहान चाचणीत जिभेखाली दिलेल्या ४० मिलिग्रॅम सीबीडीने दाब काही काळ वाढल्याचे आढळले होते. गांजा बाळगणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भांगेची पाने कायद्यातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण म्हणून ती डोळ्याचे औषध ठरत नाहीत. बाटली डॉक्टरांना दाखवावी, आणि चालू असलेले थेंब एक दिवसही बंद करू नयेत, कारण एकदा वाळलेली नस पुन्हा सजीव होत नाही.

थेंब मात्र नीट घालायला हवेत, आणि माझ्या मते बहुतेक घरांत चूक इथेच होते. हात धुऊन मान मागे करावी, खालची पापणी किंचित ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे शरीरात फारसे उतरत नाही. दुसरे औषध असल्यास मध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्यावीत. दमा असलेल्याने टिमोलॉल हे दाब उतरवणारे थेंब सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे. लॅटॅनोप्रोस्ट या दाब उतरवणाऱ्या दुसऱ्या थेंबांची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवतात; उघडलेली २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण कोकणातल्या वैशाखात घरात एवढा गारवा कुठला, तेव्हा तीही फ्रीजच्या दारातच ठेवावी. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ६ आठवड्यांनी ती टाकून द्यावी. पावसाळ्यात वीज गेली, तर फ्रीज वारंवार उघडू नये.

तपासणीला जाताना डोळ्याचा कोन, म्हणजे डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याची वाट, उघडा आहे की अरुंद, आणि आपला दाब किती ठेवायचा आहे, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. सख्ख्या भावंडांनाही हा आजार होण्याचा धोका जास्त असतो. गणपतीला सगळे घरी जमतात, तेव्हाच सर्वांचे डोळे तपासून घ्यावेत.

एकाएकी डोळा ठणकू लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि उलट्या झाल्या, तर पित्त समजून घरी थांबू नये. भर पावसातही त्याच रात्री गाडी काढून डोळ्यांचे डॉक्टर असलेले रुग्णालय गाठावे, आणि निघण्यापूर्वी तेथे फोन करून डॉक्टर हजर आहेत का ते विचारून घ्यावे.